आजोबांनी बांधलेला हात

रविराजचा हात मोडला तेव्हा अपघात झालाच नव्हता, असं कंपनीचं म्हणणं आहे. मी गेली कितीतरी वर्षं दुसऱ्यांची मुलं सांभाळते. टेंगूळ, खरचटणं, नाकात शेंगदाणा, कानात खडूचा तुकडा, सगळं पाहून झालंय. पण हात मोडला आणि अपघात मात्र झाला नाही, हा प्रकार माझ्या वाट्याला पहिल्यांदाच आला. आणि हे मला समजावून सांगणारा माणूस माझ्या धाकट्या भावापेक्षाही लहान, कपाळाला एक आठी नाही, हातात गार कॉफीचा पेला. त्याचं नाव इंद्रजित. कंपनीत माणसांचं खातं तो बघतो.

आमचं पाळणाघर शिरवळला आहे, हायवेवरून एमआयडीसीकडे वळलं की डाव्या हाताच्या भाड्याच्या बंगल्यात. कंपनीत वायरिंगच्या लाइनवर काम करणाऱ्या बायकांची मुलं सकाळी येतात आणि शिफ्ट सुटली की जातात. खर्च कंपनीचा, कारभार एका संस्थेचा आणि बोलणी खायला मी, संयोगिता. माझ्या हाताखाली दोन मावश्या आहेत आणि गेटवर लालासाहेब. लालासाहेब उंब्रजकडचे, फौजेतून हवालदार होऊन निवृत्त झालेले. मुलांना ते ओळीत उभं करतात, नखं तपासतात आणि कुणी रडायला लागलं की आधी त्याला ‘सावधान’ करतात. गंमत म्हणजे मुलं खरंच रडायची थांबतात.

आता गेटबद्दल सांगायला हवं, कारण सगळं तिथून सुरू झालं. गेट लोखंडी, रुळावरून सरकणारं, दोन माणसांना उचलणार नाही एवढं जड. खालचं एक चाक झिजलेलं आणि भिंतीला जो आधाराचा कान असतो तो तुटलेला. म्हणजे गेट नुसतं रुळावर उभं. लालासाहेबांनी त्यावर स्वतःची एक पद्धत बसवली होती. आधी खांदा लावून गेट जरा उचलायचं, गुडघा टेकवून दाबायचं, मग हळूहळू सरकवायचं आणि शेवटी वरच्या बाजूनं तारेचा पीळ देऊन खांबाला बांधायचं. ही पद्धत त्यांच्याशिवाय कुणाला जमत नव्हती, आणि त्याचा त्यांना थोडा अभिमानही होता. मी मात्र मुलांना त्या गेटपासून लांब ठेवायची.

मी घरमालकाला सांगितलं. तो म्हणाला, दुरुस्ती कंपनीनं करायची, करारात तसं आहे. इंद्रजितला सांगितलं. तो म्हणाला, करारात उलट आहे. पुन्हा पुन्हा सांगितल्यावर त्यानं मला आतली गोष्ट सांगावी तशा आवाजात सांगितलं की मॅडम, सुरक्षेसाठी पैसे असतात, पण काहीतरी घडल्याचा रिपोर्ट आल्याशिवाय ते सुटत नाहीत. मी विचारलं, म्हणजे आधी घडायला पाहिजे? तो म्हणाला, तसं नाही मॅडम, पण प्रोसेस तशी आहे.

काय कळवायचं आणि काय नाही, याचीही आमच्याकडे नियमावली आहे. कंपनीनं पुण्याच्या कुणाकडून तरी करून घेतलेली, गुळगुळीत कागदाची. मुलाला किरकोळ लागलं तर पालकांना सांगावं. मुलाला डॉक्टरी उपचार घ्यावे लागले, तर तो अपघात समजून त्याच दिवशी जिल्ह्याच्या कार्यालयाला कळवावं. खरं सांगायचं तर हा नियम मला पटला होता. आधी मी साताऱ्याला एका पाळणाघरात होते, तिथे प्रत्येक ओरखडा कळवायची सक्ती होती. गुडघा खरचटला, कळवा. डास चावला, कळवा. आम्ही कळवत राहिलो आणि तिकडे ते कुणी वाचत नव्हतं. त्यापेक्षा डॉक्टरपर्यंत गेलं तरच कळवायचं, हे शहाणपणाचं वाटलं. पण नियम लिहिणाऱ्या त्या पुण्याच्या माणसाला आमच्या भागातली माणसं मोडलेलं हाड घेऊन कुठे जातात हे माहीत नव्हतं. माझ्याही तेव्हा ते ध्यानात आलं नाही.

दिवाळी होऊन गेली होती. या दिवसांत माण तालुक्याकडची मेंढरं कोकणाकडे उतरतात आणि त्यांचे कळप आमच्या रस्त्यानं जातात. रविराज साडेतीन वर्षांचा, मूळ गाव म्हसवड. त्याचा बाप धनाजी टेंपो चालवतो, आई स्वप्नाली लाइनवर असते आणि आजा, बिराप्पा, अजून मेंढरं घेऊन फिरतो. त्या दिवशी आजाची मेंढरं शिरवळवरून जाणार हे रविराजला घरून कळलेलं. सकाळपासून त्यानं माझं डोकं खाल्लं होतं. मेंढरं आली का, आता आली का, आता.

जेवणाचे डबे घेऊन येणाऱ्या गाडीसाठी लालासाहेबांनी गेट उघडलं, डबे उतरवून गाडी गेल्यावर गेट पुन्हा लावलं आणि तारेचा पीळ द्यायला वळणार, तेवढ्यात रस्त्यावर मेंढरांचा आवाज आला. मावशीच्या हातातून सुटून रविराज पळाला आणि बघता बघता गेटच्या खालच्या पट्टीवर चढून आजाला हाका मारायला लागला. गेट रुळावरून निसटलं. लालासाहेबांनी खांदा घातला म्हणून ते पूर्ण आडवं झालं नाही, भिंतीला टेकून राहिलं. पोर मात्र खाली पडलं ते हातावर. मी व्हरांड्यात होते. तो आवाज मला नीट ऐकू आला, आणि ते रडणं साधं नाही हेही लगेच कळलं.

मी कंपनीत फोन लावला, गाडी पाठवा म्हणून. गाडीला इंद्रजितची परवानगी लागते, इंद्रजित मीटिंगमध्ये होता. डब्यांची गाडी नुकतीच निघून गेलेली. मी रिक्षा शोधायला रस्त्यावर धावले, तर रस्ताभर मेंढरं, रिक्षा येणार कुठून. दुसरीकडे फोन करते आहे तोवर बिराप्पा आत शिरलेला होता. त्यानं नातवाला मांडीवर घेतलं, हातावरून बोटं फिरवली आणि कुणाला काही कळायच्या आत एक हिसका दिला. रविराज किंचाळला आणि मग एकदम गप्प झाला. म्हाताऱ्यानं आमच्या खेळण्यांच्या टोपलीतून दोन लाकडी फूटपट्ट्या उचलल्या, हत्ती-घोड्यांची चित्रं असलेल्या, पटक्याचं टोक फाडलं आणि हात असा बांधला की मला त्यात बोट घालायला जागा दिसेना. कंपनीची गाडी येऊन उभी राहिली तेव्हा रविराज बिस्किट खात होता.

मी म्हटलं, आता दवाखान्यात चला. बिराप्पानं माझ्याकडे पाहिलं, रागानं नाही, समजूत घालावी तसं.

“बाई, आता त्येला कुनी हात लावू नगा. मेंढराचा पाय म्या असाच बांधतो, त्ये डोंगर चढतंय. ह्यो तर मानूस हाय.”

एवढं बोलून तो उठला, कारण मेंढरं पुढे गेली होती. मला संताप आला होता. म्हाताऱ्याचा, गाडीचा, इंद्रजितच्या मीटिंगचा, आणि थोडा स्वतःचाही, की मी ओरडून त्याला अडवलं का नाही. पण त्याच्या बोटांकडे बघताना मला ओरडायचं सुचलंच नव्हतं, हेही खरं.

स्वप्नाली लाइनवरून धावत आली. पोराला कवटाळलं, रडली, हात बघितला, सासऱ्यानं बांधलाय कळल्यावर निवांत झाली. त्यांच्या घरात हाड मोडलं की बिराप्पाच बांधतो, त्यात तिला विशेष काही वाटलं नाही. मग तिनं मला बाजूला घेऊन जे विचारलं ते मला अपेक्षित नव्हतं. बाई, हे वर कळवणार न्हाई न्हवं? मी म्हटलं, कळवावंच लागेल. तिचा चेहरा पडला. पलीकडच्या एका कंपनीचं पाळणाघर असंच एका पडापडीनंतर चौकशी होईपर्यंत म्हणून बंद केलं होतं, आणि चौकशी काही संपली नाही. तिथल्या बायकांनी एकेक करून काम सोडलं. स्वप्नालीच्या घरी पोराला बघायला कुणी नाही. सासूसासरे अर्धं वर्ष मेंढरांमागे. पाळणाघर गेलं की तिचं काम गेलं. पोराचा हात बरा होईल वो बाई, काम गेल्यावर मी काय करू, असं ती म्हणाली.

तरीही दुसऱ्या दिवशी मी हट्टानं रविराजला डॉक्टरांकडे नेलं. एक्स-रे काढला. हाड मोडलेलं होतं आणि अगदी जागेवर बसलेलं होतं. डॉक्टर फोटो उजेडाला धरून बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, कुणी बसवलं हे? मी सांगितलं. मग मी दाखला मागितला. ते म्हणाले, कशाचा दाखला देऊ? उपचार मी केलेला नाही. हे सोडून मी प्लास्टर घालतो, मग देतो. स्वप्नालीनं पोराला उचललं आणि सरळ बाहेर जाऊन उभी राहिली. सासऱ्यानं बांधलेलं सोडायचं नाही म्हणजे नाही.

एक्स-रे घेऊन मी इंद्रजितकडे गेले. सुरुवातीला सांगितलेली गार कॉफी तेव्हाचीच. त्यानं फोटो पाहिला, वाईट वाटल्याचं सांगितलं, मुलासाठी चॉकलेटही दिलं. मग नियमावली उघडली. मॅडम, इथे ‘डॉक्टरी उपचार’ असं आहे. एक्स-रे ही तपासणी झाली, उपचार नाही. उपचार घरगुती झाला. घरगुती उपचार म्हणजे किरकोळ इजा. मी म्हटलं, हाड मोडलंय. तो म्हणाला, हो, पण किरकोळमध्ये बसतंय. मी म्हटलं, मग गेट? तो म्हणाला, अपघाताचा रिपोर्ट असता तर लगेच झालं असतं. माझी हसावं की रडावं अशी अवस्था झाली. गेट दुरुस्त व्हायला अपघात पाहिजे, अपघात व्हायला डॉक्टर पाहिजे, आणि डॉक्टरांच्या आधी तिथे पोहोचला होता मेंढरांमागचा म्हातारा.

मी जिल्ह्याला फोन लावला. एका कार्यालयात बाईंनी नीट ऐकून घेतलं आणि डॉक्टरचा दाखला जोडून कंपनीच्या पत्रासोबत पाठवायला सांगितलं. दाखला नाही म्हटल्यावर म्हणाल्या, कारखान्याशी संबंधित आहे ना, मग तो विषय दुसऱ्या कार्यालयाचा. दुसऱ्या कार्यालयातल्या गृहस्थांनी विचारलं, जखमी व्यक्ती कामगार आहे का? मी म्हटलं, साडेतीन वर्षांची आहे. ते म्हणाले, मग आमच्याकडे येत नाही. मी फोन इतक्या जोरात ठेवला की झोपलेली दोन मुलं उठली, आणि मावशी माझ्यावरच डाफरली.

कागद, दाखला, कंपनीचं पत्र काहीही न जोडता मी स्वतःच्या नावानं कळवू शकले असते. कुणी माझे हात धरले नव्हते. पण संध्याकाळी स्वप्नाली पोराला न्यायला आली की आधी माझ्या तोंडाकडे बघायची. कळवलं का, हे ती विचारायची नाही, नुसती बघायची. मी मान हलवून नाही म्हणायची. असं रोज चाललं. आणि रोज संध्याकाळी सगळ्या आया पोरांना घेऊन त्याच गेटपाशी गप्पा मारत उभ्या राहायच्या, आणि मी व्हरांड्यातून त्यांना हाका मारून मागे सरायला सांगायची. बायका हसायच्या. बाईंनी त्या गेटचा लय धसका घेतलाय, म्हणायच्या. हसा, म्हणायची मी मनात. एक दिवस ते कुणाच्या तरी अंगावर येणार आहे, आणि तेव्हा ती नियमावली घेऊन मी काय करू?

गेट चार माणसं लावून पुन्हा रुळावर चढवलं होतं, आणि लालासाहेबांनी आता तारेचे दोन पीळ द्यायला सुरुवात केली. तेवढंच त्यांच्या हातात होतं. पण एक दिवस ते भाचीच्या लग्नाला उंब्रजला गेले आणि एजन्सीनं बदली माणूस पाठवला. मी त्याला सकाळी दोनदा समजावलं, खांदा लावायचा, गुडघा टेकवायचा. तो हो हो म्हणाला. नेमका त्याच दिवशी इंद्रजित आला. मुख्य कचेरीचे पाहुणे येणार होते आणि पाळणाघराच्या भिंतींना कोणता रंग द्यावा हे त्याला बघायचं होतं. कंपनीची नवी पांढरी गाडी त्यानं गेटबाहेर सावलीला लावली आणि आत येऊन मला पिवळ्या रंगाच्या तीन छटा दाखवायला लागला. माझं लक्ष छटांकडे नव्हतं, पण मान डोलवत होते.

बाहेर पाण्याचा टँकर आला. बदली माणसानं गेट एका झटक्यात ओढलं. मोठा आवाज झाला आणि सगळा बंगला हादरला. मी आधी आत धावले, अंथरुणं बघितली, एकेका डोक्याला हात लावला. सगळी मुलं आत होती, काही रडत होती, पण होती. मग बाहेर आले. गेट सबंध आडवं पडलं होतं, रस्त्याच्या बाजूला, इंद्रजितच्या गाडीच्या तोंडावर. संध्याकाळी आया जिथे पोरं कडेवर घेऊन उभ्या राहतात तिथेच. मी पायरीवर बसले. इंद्रजित धावत गाडीपाशी गेला आणि बॉनेटवरून हात फिरवायला लागला. आजारी माणसाच्या कपाळावरून फिरवतात तसा.

त्यानंतर जे झालं ते बघून माझ्या डोक्याची शीर तडकायची बाकी राहिली. अर्ध्या तासात फोटो काढून झाले. तासाभरात रिपोर्ट तयार, वर ठळक अक्षरात ‘अपघात’. पुण्याला एक प्रत, विम्याला एक, संस्थेला एक. क्रेन आली, गेट उचलून भिंतीला दोरांनी आवळून ठेवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी नवं गेट बनवायला माप घेणारा माणूसही हजर झाला, ज्याच्यासाठी मी वर्षभर घसा कोरडा केला होता. मी इंद्रजितला विचारलं, गाडीला कुठल्या डॉक्टरांकडे नेलं? त्याला ते कळलं नाही, किंवा कळून न कळल्यासारखं त्यानं केलं.

दुपार कलल्यावर विम्याचा माणूस आला. पन्नाशीचा, घामेजलेला, कामाशी काम ठेवणारा. त्यानं गाडी पाहिली, गेट पाहिलं, झिजलेलं चाक बोटानं फिरवून पाहिलं. शिफ्ट सुटायची वेळ झाली होती, आया यायला लागल्या होत्या, त्यामुळे चांगलीच गर्दी जमली. बायका गाडीभोवती उभ्या राहून चुकचुकत होत्या. त्यानं इंद्रजितला विचारलं, या गेटनं याआधी काही झालं होतं? इंद्रजित म्हणाला, नाही, पहिलीच वेळ. मग त्या माणसानं कागद माझ्यापुढे धरला. पाळणाघराची प्रमुख म्हणून खाली माझी सही हवी होती. सहीच्या वर छापील ओळ होती: सदर गेटमुळे यापूर्वी कोणतीही दुर्घटना घडलेली नाही.

मी पेन हातात घेतलं. समोर स्वप्नाली उभी होती, रविराज तिच्या पदराला धरून. हातावर आजाचा पटका अजून होता, मळून काळा झालेला, त्यातून फूटपट्टीवरचा हत्ती डोकावत होता. मी तिच्याकडे पाहिलं. रोज मान हलवून मी तिला एक प्रकारे गप्प राहायचा शब्दच दिला होता, आणि ती छापील ओळ तर धडधडीत खोटी होती. सही करणं माझ्या जिवावर आलं होतं. पण तिचं काम जाईल असं काही माझ्या तोंडून निघावं, हेही मला नको होतं. इंद्रजित हलक्या आवाजात म्हणाला, मॅडम, फक्त फॉर्मॅलिटी आहे.

स्वप्नाली माझ्याकडे बघत नव्हती. ती गाडीच्या बॉनेटकडे बघत होती. तिथे पडलेल्या खळग्याभोवती विम्याच्या माणसानं पिवळ्या खडूनं गोल केला होता, बाजूला मोजपट्टी ठेवून फोटो काढले होते. तिनं रविराजच्या बांधलेल्या हाताकडे पाहिलं, पुन्हा त्या गोलाकडे पाहिलं. मग पुढे आली.

“सायेब, झालंय की आधी. माझ्या पोराचा हात मोडलाय ह्या गेटनं.”

इंद्रजितनं घाईघाईनं त्या माणसाला सांगायला सुरुवात केली की ती किरकोळ बाब होती, डॉक्टरी उपचार झालेले नाहीत, नियमाप्रमाणे तो अपघात धरला जात नाही. तो सावकाश, सभ्यपणे बोलत होता, माझ्याशी बोलायचा तसाच. स्वप्नालीनं त्याला पुरतं बोलू दिलं.

“मग काय व्हतं सायेब त्ये? हाड मोडलं, ह्या गेटनं मोडलं. माझ्या सासऱ्यानं बांधलं म्हनून ते मोडलंच न्हाई व्हय?”

इंद्रजित म्हणाला, स्वप्नाली, तुम्ही नीट विचार करून बोला, याचे परिणाम सगळ्यांना भोगावे लागतील. ती म्हणाली, इचार लय केला. बाईस्नी मीच गप बसवलं व्हतं. काल ह्ये गेट जिथं पडलं तिथं मी रोज ह्याला घिऊन उभी ऱ्हाती. ती मागे सरली नाही. तिच्या मागच्या बायकांपैकी एकीनं आपलं पोर कडेवरून उतरवून भिंतीपासून लांब नेलं. मग दुसरीनंही.

विम्याच्या माणसानं कागद माझ्या हातातून परत घेतला. ती छापील ओळ त्यानं खोडली. खिशातून दुसरं पेन काढलं, कपाळावरचा घाम पुसला आणि खाली वाकून विचारलं, “नाव काय मुलाचं?”

स्वप्नालीनं तोंड उघडायच्या आत रविराज पुढे झाला. आमच्याकडे रोज सकाळी प्रार्थना झाली की प्रत्येक मुलाकडून पूर्ण नाव आणि गाव म्हणून घेतो, कधी चुकामूक झाली तर सांगता यावं म्हणून. हाताची घडी घालून, सरळ उभं राहून सांगायचं, ही शिस्त लालासाहेबांची. रविराजला घडी घालता येईना. त्यानं थोडा विचार केला आणि बांधलेला हात दुसऱ्या हातानं छातीशी धरला.

“रविराज धनाजी काळेल. मुक्काम पोस्ट म्हसवड, तालुका माण, जिल्हा सातारा.”

त्या माणसानं ते जसंच्या तसं लिहून घेतलं. मग माझी सही घेतली. ती मी आनंदानं केली.

आया गेल्यावर मी दार लावून घेतलं आणि जिल्ह्याच्या दोन्ही कार्यालयांना कळवायला बसले. कंपनीचं पत्र नाही, दाखला नाही, नुसतं माझ्या नावानं. पाळणाघर बंद करतील की राहू देतील, मला माहीत नाही. स्वप्नाली जाताना तिला मी हे स्पष्ट सांगितलं होतं, आणि तिनं मान डोलावली होती. काय झालं, कसं झालं, गेट कुठून निखळलं, सगळं लिहिलं. नियमावलीतल्या अपघाताच्या अर्जात ‘उपचार करणाऱ्याचं नाव आणि हुद्दा’ अशी जागा होती. इतके दिवस मी त्याच जागेपाशी अडले होते.

मी लिहिलं: बिराप्पा काळेल, आजोबा.